महाराष्ट्रातले वन्यप्राणी आणि आपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वन्यप्राणी म्हटलं की ताडोबाचा वाघ डोळ्यांसमोर येतो. प्रश्न मात्र येतात ते उसाच्या फडातून, गोठ्यातून, विहिरीच्या काठावरून, कोकणातल्या बंदरांवरून आणि शहरातल्या सोसायटीच्या पार्किंगमधून. राज्यातले कितीतरी बिबटे, लांडगे, कोल्हे, मोर आणि साप कुठल्याच अभयारण्यात राहत नाहीत, ते आपल्या शेजारी राहतात. प्राणी समोर आल्यावर पहिल्या तासाभरात आसपासची माणसं कशी वागतात, यावर त्याचा जीव आणि आपली सुरक्षा, दोन्ही बऱ्याच अंशी ठरतं. म्हणून इथे कायद्याची कलमं गरजेपुरती आहेत आणि प्रत्यक्षात काय करायचं ते सविस्तर.

प्राणी दिसला, अडकला किंवा जखमी आढळला तर फोन कुणाला करायचा?

वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ ही टोल फ्री हेल्पलाइन आहे : १९२६. त्याशिवाय आपल्या भागातले वनरक्षक, वनपाल आणि वनपरिक्षेत्र अधिकारी (ज्यांना सगळे आरएफओ म्हणतात) यांचे नंबर आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ते लिहिलेले असले तर उत्तमच.

फोनवर नेमकं सांगा. गाव आणि जवळची खूण, प्राणी उघड्यावर आहे की बंदिस्त जागेत, जखमी आहे का, आणि किती माणसं जमली आहेत. हा शेवटचा तपशील बहुतेक जण सांगत नाहीत, आणि पथकाला तोच सगळ्यात आधी हवा असतो. गर्दी असेल तर पोलिसांना सोबत घेतल्याशिवाय कामच सुरू करता येत नाही.

आमच्याकडे जंगल नाही. तरी वन विभाग येणार का?

हो. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ जंगलाच्या हद्दीपुरता नाही. तुमच्या खासगी शेतातला कोल्हा आणि इमारतीच्या गच्चीवरची घार यांनाही तो तितकाच लागू आहे. राज्यात या कायद्याखालचे सर्वोच्च अधिकारी म्हणजे मुख्य वन्यजीव रक्षक. ते प्रधान मुख्य वनसंरक्षक दर्जाचे असतात आणि त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. अभयारण्यं आणि व्याघ्र प्रकल्प वन विभागाच्या वन्यजीव शाखेकडे असतात. बाकी सगळा मुलूख प्रादेशिक विभागांकडे असतो आणि तिथे उपवनसंरक्षक प्रमुख असतात. धोरणात्मक सल्ल्यासाठी राज्य वन्यजीव मंडळ असतं, त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री. जिल्ह्यात मानद वन्यजीव रक्षकही नेमलेले असतात. विभाग आणि लोक यांच्यातला दुवा म्हणून त्यांच्याशी ओळख ठेवावी.

बिबट्या दिसला. पकडून लांब जंगलात का सोडत नाहीत?

गावोगावच्या बैठकांत पहिला हात वर होतो तो याच प्रश्नासाठी. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या तालुक्यांत बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत, त्यात लहान मुलंही आहेत. त्या घरांतलं दुःख आणि गावाचा राग समजूनच या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं.

हा उपाय करून झाला आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागातून बिबटे मोठ्या संख्येने पकडून दुसरीकडे सोडले गेले. त्यातून माणसांवरचे हल्ले थांबले नाहीत. उलट जिथे नेऊन सोडलं, त्या भागांतही हल्ल्यांच्या घटना घडल्या. याची कारणं बिबट्याच्या स्वभावात आहेत. प्रौढ बिबट्याला आपल्या हद्दीतला पाणवठा, आडोसा, कुत्र्यांचे उकिरडे, माणसांच्या वेळा सगळं पाठ असतं. या माहितीच्या बळावरच तो माणसाला टाळतो. पिंजऱ्यातला ताण सोसून अनोळखी ठिकाणी पोहोचलेल्या बिबट्याकडे ती माहिती नसते. इकडे त्याची जागा मोकळी झालेली असते, तिथे दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या येतो. आणि पकडलेला तिकडे राहीलच असंही नाही. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेल्या एका वयस्क नराला रेडिओ कॉलर (तो कुठे आहे ते कळवणारा गळपट्टा) लावून माळशेज घाटात सोडलं होतं. ‘आजोबा’ नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. घाट उतरून, रेल्वेरूळ आणि महामार्ग ओलांडून, शंभराहून अधिक किलोमीटर चालत तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. वाटेत त्याने कुणालाही इजा केली नाही.

अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतीच्या आणि वस्तीच्या त्या भागात दर १०० चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास प्रौढ बिबटे आढळले. लोकांना त्यातले बरेचसे कधी दिसलेही नव्हते.

म्हणून नुसता बिबट्या दिसला एवढ्यावर पिंजरा लावण्याचा आग्रह धरू नका. माणसावर हल्ला झाला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ठसे, कॅमेरे आणि नमुने यांवरून नेमका प्राणी ओळखून त्यालाच पकडणं, हा मार्ग आहे. मधल्या काळात पहिल्या दिसलेल्या बिबट्याला पिंजऱ्यात घालून गावाचं समाधान होतं, पण ज्याने हल्ला केला तो बाहेरच राहण्याची शक्यता असते.

उसाच्या पट्ट्यात राहतो. रोज काय काळजी घ्यायची?

बिबट्यासाठी उसाचा फड म्हणजे वर्षातले बरेच महिने पाणी, सावली आणि आडोसा देणारं जंगलच. इथेच जन्मलेल्या बिबट्यांनी खरं जंगल पाहिलेलंही नसतं.

अंधार पडल्यावर लहान मुलाला एकटं अंगणात किंवा शेताच्या बांधावर सोडू नका. घर आणि ऊस यांच्यात काही फूट मोकळी, झाडलेली जागा ठेवा. रात्री पाणी द्यायला जाताना दोघं जा, टॉर्च आणि काठी घ्या, मोबाइलवर गाणी किंवा गप्पा चालू ठेवा. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही. म्हणून शेतातल्या कामाला आणि शौचाला रात्री उघड्यावर एकट्याने बसणं धोक्याचं. गोठा चारही बाजूंनी आणि वरूनही जाळीने बंद हवा. तीन बाजू पक्क्या आणि चौथीला साडीचा पडदा, असा गोठा शेळ्यांना वाचवत नाही. कोंबड्यांची घाण, मेलेली जनावरं, मटणाच्या दुकानाचा कचरा उघड्यावर टाकला की कुत्री वाढतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो.

समोरासमोर आलाच तर पळू नका, खाली बसू नका. हात वर करून मोठ्याने ओरडत हळूहळू मागे सरका.

विहिरीत बिबट्या पडला आहे. पथक येईपर्यंत काय करू?

मोटारीचा वीजपुरवठा बंद करा आणि लोकांना काठापासून दूर न्या. एवढ्या दोन गोष्टी केल्या तरी निम्मं काम झालं. पाण्यात पडलेला बिबट्या पोहत राहतो, मोटारीच्या पाइपला किंवा कपारीला पंजे रोवून लटकतो. तासन्‌तास असं राहिला की थकून बुडतो. म्हणून पथक येऊन आधी त्याला टेकायला जागा देतं. चार कोपऱ्यांना दोर बांधलेली बाज सावकाश पाण्याच्या पातळीवर सोडतात. बिबट्या तिच्याकडे आधी संशयाने बघतो, गुरगुरतो, मग एक पंजा ठेवून चाचपतो आणि चढून बसतो. त्यानंतर घाई नसते. पिंजरा दोराने खाली सोडून, दार त्याच्या बाजूला करून वाट बघायची, नाहीतर शिडी किंवा लांब लाकूड लावून सगळ्यांनी लांब जायचं. अंधार पडून शांतता झाली की तो आपला आपण वर येऊन निघून जातो.

या सगळ्यात बिघाड करतात ते काठावर वाकून मोबाइलने शूटिंग करणारे. वरून शंभर माणसं ओरडत असताना जनावर शिडीला हात लावत नाही, आणि बाहेर आलंच तर घाबरून गर्दीत घुसतं. विहिरीत दगड टाकणं, दोराने फास लावणं हे कायद्याने गुन्हा आहे आणि त्यातून माणसंही जखमी होतात. आपल्या विहिरीला कठडा नसेल तर बांधून घ्या. कोल्हे, रानमांजरं, तरस, शेजाऱ्याचं वासरू, सगळ्यांचाच जीव वाचेल.

ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली. आई सोडून गेली का?

जवळपास कधीच नाही. मादी दिवसा पिल्लं उसाच्या दाटीत लपवते आणि जवळच थांबते किंवा शिकारीला जाते. टोळी तोडत तोडत तिथे पोहोचते तेव्हा फक्त पिल्लं दिसतात. त्यांना घरी नेणं, दूध पाजणं, मुलांच्या हातात देऊन फोटो काढणं यातलं काहीही करू नका. त्या बाजूची तोड थांबवा आणि फोन करा.

पशुवैद्यक पिल्लं तपासतात. संध्याकाळी ती जिथे सापडली नेमक्या त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, आई सहज पाडू शकेल असं हलकं झाकण लावतात, कॅमेरा बसवतात आणि सगळे निघून जातात. बहुतेक वेळा रात्रीतच मादी येते, क्रेट आडवा करते, एकेका पिल्लाला मानेला धरून घेऊन जाते. जुन्नर भागात हे आता दरवर्षीचं काम झालं आहे. फडमालक एक दिवस तोड थांबवायला तयार झाला तरच ते साधतं. पिल्लं न सापडलेली मादी त्या भागात चिडून फिरत राहते, त्यामुळे एका दिवसाचा हा खाडा टोळीच्या सुरक्षेसाठीच आहे.

वाघाच्या भागात मोहफुलं आणि तेंदूपानं गोळा करायला जावंच लागतं. मग?

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा इथल्या हजारो कुटुंबांची वर्षाची रोकड या दोन हंगामांवर असते. ‘जंगलात जाऊ नका’ हा सल्ला त्यांच्या उपयोगाचा नाही. ब्रह्मपुरीसारख्या विभागात तर वाघ अभयारण्याच्या बाहेर, गावांच्या मधल्या जंगलात राहतात.

उजाडल्यावर जा, पहाटेच्या अंधारात नको. पाचसहा जणांच्या गटाने जा आणि सगळे एकदम वाकू नका, एकाने आळीपाळीने उभं राहून लक्ष ठेवा. बोलत राहा. नाल्याच्या काठची दाट झुडपं टाळा. उन्हाळ्यात वाघ तिथेच गारव्याला पडलेला असतो. त्या भागात पिल्लांची वाघीण आहे का, कालपरवा गुरं मारली गेली का, हे वनरक्षकाला किंवा गावातल्या प्राथमिक कृती दलाच्या पोरांना विचारून मगच बाजू ठरवा. मारलेल्या जनावराजवळ कावळे दिसले की तिथून मागे फिरा.

वाघ ‘नरभक्षक’ आहे हे कोण ठरवतं? गाव मागणी करेल तर गोळी घालता येते का?

नाही. वाघ आणि बिबट्या कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. असा प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आहे याची खात्री पटल्यावर, कारणं लेखी नोंदवून, फक्त मुख्य वन्यजीव रक्षकच आदेश देऊ शकतात. आधी पकडण्याचा किंवा बेशुद्ध करण्याचा प्रयत्न करायचा, मारणं हा शेवटचा पर्याय. वाट चुकून समोर आलेल्या माणसावर झालेला हल्ला आणि माणसाच्या मागावर राहून केलेली शिकार यांत फरक करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा भागातली टी-१ वाघीण १३ जणांच्या मृत्यूला जबाबदार मानली गेली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तिला गोळी घालण्यात आली. त्या कारवाईच्या पद्धतीवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. जीव वाचवताना प्रामाणिकपणे केलेल्या प्रतिकारात प्राणी मेला तर कायदा तो गुन्हा मानत नाही.

नुकसानभरपाई किती आणि कशी मिळते?

वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, रानडुक्कर, लांडगा, हत्ती अशा प्राण्यांच्या हल्ल्यात माणूस दगावला तर कुटुंबाला २५ लाख रुपये मिळतात. ऑगस्ट २०२३ पासून हा दर आहे. त्यातले १० लाख लगेच आणि उरलेले वारसांच्या नावे मुदत ठेवीत. कायमचं अपंगत्व, गंभीर दुखापत, किरकोळ दुखापत यांचे दर वेगळे आहेत. उपचाराची सगळी बिलं जपून ठेवा.

गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी मारली गेली तर ४८ तासांच्या आत वन अधिकाऱ्याला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नका. दावे फेटाळले जातात ते बऱ्याचदा इथेच. जनावर ओढत आणून घरामागे पुरलं की कुणी मारलं हे सिद्ध करता येत नाही. गळ्यावरच्या सुळ्यांच्या खुणा, आजूबाजूचे ठसे, ओढल्याची रेघ, सगळ्याचे फोटो काढा. पशुवैद्यकाचा दाखला लागतो.

पिकाच्या नुकसानीची खबर तीन दिवसांत द्या. सातबारा, बँक पासबुक आणि फोटो जोडा. अर्जाची पोच घ्या, तोंडी सांगून घरी येऊ नका.

आणि एक कळकळीची विनंती. मारलेल्या जनावरावर विष टाकू नका. त्या विषाने बिबट्या मरेलच असं नाही, पण घारी, तरस, कोल्हे आणि गावातली कुत्री नक्की मरतात. उरल्यासुरल्या गिधाडांची तर गोष्टच सोडा. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे ती आधीच संपत आली होती. २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी आली, तरी गिधाडांना सावरायला अनेक वर्षं लागतात.

रानडुकरं पीक उद्ध्वस्त करतात. मारता येतात का?

स्वतःहून नाही. पिकाला सतत त्रास देणाऱ्या रानडुकराला किंवा नीलगाईला मारण्याची परवानगी वन विभाग लेखी आदेशाने देऊ शकतो. त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि आदेशातल्या अटी पाळाव्या लागतात.

कुंपणात थेट वीज सोडणं हा मात्र सरळ गुन्हा आहे. विदर्भात अशा तारांना चिकटून वाघ मेले आहेत, आणि रात्री पाणी द्यायला गेलेले शेतकरीही. कधी स्वतःच्याच तारेला, कधी शेजाऱ्याच्या. ‘डुकरासाठी लावली होती’ हा बचाव चालत नाही. गावठी बॉम्बचंही तेच. तो चावून जबडा फुटलेली गाय ज्याने पाहिली आहे त्याला आणखी सांगायला नको. सौर कुंपणाचा झटका मधूनमधून आणि क्षणभरच बसतो, त्याने प्राणी मागे फिरतो आणि माणूस मरत नाही. व्याघ्र प्रकल्पांच्या बफरमधल्या आणि जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अशा कुंपणासाठी अनुदान मिळतं. २०१५ पासून ही योजना सुरू आहे. कुंपणाला चिकटलेलं गवत वेळेवर कापलं नाही तर मात्र करंट जमिनीत जातो आणि महागडं कुंपण नुसती तार होऊन राहतं.

शिकारीचा परवाना कुठे मिळतो?

मिळत नाही. हौसेची शिकार पूर्ण बंद आहे. फास लावणं, विष घालणं, घरटं किंवा अंडी नष्ट करणं हेही कायद्याच्या भाषेत शिकारच. अनुसूची १ मधल्या प्राण्याची शिकार केल्यास किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद होऊ शकते.

राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प यांत फरक काय?

राष्ट्रीय उद्यानात चराई, लाकूडतोड असे हक्क राहत नाहीत. अभयारण्यात काही हक्क मर्यादित स्वरूपात चालू राहू शकतात. राज्यात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत : ताडोबा (१९५५ सालचं, राज्यातलं पहिलं), पेंच, नवेगाव, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली. व्याघ्र प्रकल्पही सहाच : मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर. व्याघ्र प्रकल्पात आतला गाभा आणि भोवतालचा बफर असतो. बफरमध्ये गावं असतात, शेती असते, जंगलही असतं. मेळघाट १९७३ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत होता.

याखेरीज संवर्धन राखीव आणि सामुदायिक राखीव क्षेत्रं करता येतात. सामुदायिक राखीव क्षेत्रात जमीन लोकांचीच राहते. आणि कुठल्याही फलकाशिवाय राखलेल्या देवराया आहेत, सामूहिक वनहक्क मिळवून जंगल सांभाळणारी मेंढा-लेखासारखी गावं आहेत. वन्यजीव वाचवण्यात त्यांचा वाटा नकाशावर रंगवता येत नाही, तरी तो मोठा आहे.

गावाजवळच्या पडीक माळावर झाडं लावली तर प्राण्यांना फायदा होईल ना?

माळावर बहुधा होणार नाही. सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, बीडकडची माळरानं हे तोडलेलं जंगल नसून गवताळ प्रदेश आहेत, आणि लांडगा, खोकड, चिंकारा, काळवीट, धाविक असे जीव त्या उघडेपणावरच जगतात. माळढोक पक्षी तर दूरवर नजर जाईल अशी जागाच शोधतो. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य केलं, आणि आज त्याच जिल्ह्यात तो दिसणं दुरापास्त झालं आहे. अशा माळावर ओळीने खड्डे घेऊन ग्लिरिसिडियासारखी परदेशी झाडं लावणं म्हणजे हिरव्या नावाखाली अधिवास मोडणं. कागदोपत्री ‘पडीक’ असं लिहिलेल्या जमिनी सौर प्रकल्पांना, औद्योगिक वसाहतींना आणि वृक्षारोपणाला सगळ्यात आधी दिल्या जातात. याविरुद्ध ग्रामसभेत बोललं पाहिजे. मेंढपाळांना विचारा, कुठल्या माळावर लांडग्याची बिळं आहेत ते त्यांना बरोबर ठाऊक असतं. झाडंच लावायची तर ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात लावा.

वाघ मोजतात कसे?

कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, दोन्ही कुशींच्या फोटोंवरून एकेक वाघ ओळखता येतो. देशभराचा अंदाज २००६ पासून दर चार वर्षांनी काढला जातो. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ वाघ असल्याचा अंदाज आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून होते ती पाणवठ्यावरची गणना हौशी लोकांसाठी निसर्ग अनुभव म्हणून असते. तिच्यात सहभागी व्हायचं तर एप्रिलपासून संबंधित अभयारण्याच्या सूचनांवर लक्ष ठेवा.

वाघ वाढले, मग अडचण कुठे आहे?

ते बरेचसे एकाच कोपऱ्यात, चंद्रपूरच्या बाजूला, दाटले आहेत. तरुण नराला आईची हद्द सोडून स्वतःची शोधावी लागते. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला ‘वॉकर’ नावाचा कॉलरवाला वाघ शेतं, रस्ते, नद्या ओलांडत, तेलंगणात जाऊन परत येत, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एकूण तीन हजार किलोमीटरांहून अधिक चालला. इतकं चालूनही त्याला जोडीदार मिळाली नाही. अशा वाटा, म्हणजे कॉरिडॉर, जिवंत ठेवणं हे नवीन अभयारण्य जाहीर करण्याइतकंच महत्त्वाचं आहे. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी बांधलेल्या भुयारी मार्गांतून वाघ, रानकुत्रे, चितळ जाताना कॅमेऱ्यात टिपले गेले. रस्ता रुंद करताना सुरुवातीलाच अशी सोय धरली तर ती होते, मागाहून फार अवघड. दाटी असलेल्या भागातून वाघ हलवण्याचा मार्गही वापरला जातो आहे. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या. जिथे जागा आणि सावज आहे पण वाघ कमी आहेत, तिथेच असं हलवणं योग्य.

राज्यप्राणी वाघच का?

राज्यप्राणी वाघ नाही, शेकरू आहे. भीमाशंकरच्या रानात उंच फांद्यांवर दिसणारी ती मोठी, तांबूस खार. राज्यपक्षी हरियाल. २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू जाहीर करून महाराष्ट्र देशात पहिला ठरला.

घरात साप शिरला तर?

त्याच्यावर नजर ठेवा, खोलीचं दार लावून खालच्या फटीत टॉवेल घाला आणि १९२६ ला किंवा वन विभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला बोलवा. आपल्याकडे बहुतेक गंभीर दंश चार सापांचे : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. मण्यारचा दंश झोपेत होतो आणि फारसा दुखतही नाही. पहाटे पोटात कळ, उलटी, पापण्या जड होणं अशी लक्षणं दिसली तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा. जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. तो अवयव न हलवता ठेवा. प्रतिसर्पविषाला दुसरा पर्याय नाही. साप गळ्यात घालून व्हिडिओ करणाऱ्या सर्पमित्राला पुन्हा बोलावू नका; तो गुन्हा करतो आहे आणि उद्या तुमची पोरं त्याची नक्कल करतील.

पोपट पाळला तर काय बिघडतं? आणि मांडूळ, तारा कासव?

आपला साधा हिरवा पोपट, मैना, मुनिया, तारा कासव, मांडूळ, घोरपड, सगळे संरक्षित आहेत. ते विकणं, विकत घेणं, पाळणं, तिन्ही गुन्हे. मकाऊ, आफ्रिकन ग्रे अशा परदेशी जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करणं बंधनकारक आहे. मांडूळ पैशाचा पाऊस पाडतं, खवले मांजराच्या खवल्यांत औषध आहे, या थापांपायी हे मुके जीव पोत्यात कोंबून विकले जातात. आधीपासून घरात असलेला पोपट एकदम उडवून देऊ नका, तो जगणार नाही. वन विभागाच्या उपचार केंद्राशी बोला.

किनाऱ्यावर कासव किंवा जाळ्यात मोठा मासा सापडला तर?

ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यापासून कोकणात अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले इथले कासवमित्र पहाटे किनारा चालून घरटी शोधतात, अंडी कुंपणातल्या हॅचरीत हलवतात आणि पिल्लं समुद्रात सोडतात. आपल्याला घरटं दिसलं तर खणू नका, जागेवर खूण करून कळवा. रात्री किनाऱ्यावर प्रखर दिवे आणि गाड्या नकोत.

कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क यांसारखा संरक्षित प्राणी जाळ्यात आला तर जाळं कापून सोडा. कापलेल्या जाळ्यासाठी कांदळवन कक्षामार्फत २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते, त्यासाठी सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ हवेत. किनाऱ्याला लागलेलं अंबरग्रीस, ज्याला लोक देवमाशाची उलटी म्हणतात, जवळ ठेवणं आणि विकणं बेकायदा आहे. ते वन विभागाकडे जमा करा.

सफारीत वाघ दिसलाच पाहिजे, असा आग्रह धरावा का?

गाइडवर तो दबाव आणू नका. २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना दोन्ही बाजूंनी अडवलं. उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. गाडीत गप्प बसा, प्राण्याला वाट सोडा. ताडोबा मंगळवारी बंद असतं आणि गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर.

माकडांना खायला घातलं तर पुण्य नाही का?

घाटात वेफर्स टाकणाऱ्या प्रत्येक गाडीमागे माकडं रस्त्यावर येऊन चिरडली जातात, माणसाच्या हातातलं हिसकावायला शिकतात, आणि मग लोकच त्यांना पकडा म्हणतात. खायला घालू नका.

डोंगराला वणवा लागलेला दिसला तर?

लगेच १९२६. महाराष्ट्रात बहुतेक वणवे माणसानेच लावलेले असतात. मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवणं, बांध जाळणं, चांगलं गवत येईल ही समजूत, किंवा ट्रेकवरची न विझवलेली चूल. फेब्रुवारी ते मे या काळात जमिनीवर घरटं करणारे टिटवी, रातवा, तित्तिर यांची अंडी आणि सरपटणारे जीव त्यात जातात. मोहाखालचा पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला करा, किंवा झाडाखाली जाळी बांधा. फुलंही स्वच्छ मिळतात आणि भाव बरा येतो. वणव्याची बातमी देताना वारा कुठल्या दिशेला आहे आणि जवळची वाट कोणती तेही सांगा. जाळरेषा (आग अडवायला गवत आधीच जाळून केलेला मोकळा पट्टा) माहीत नसताना, एकट्याने, चढाच्या बाजूने आग विझवायला जाऊ नका. आग वरच्या दिशेने माणसापेक्षा वेगाने पळते.